गोचीड ताप: डॉक्सीचे २८ दिवस कुणासाठी, आणि कुणासाठी नाहीत

चंद्रभागा
कुत्र्याच्या रिपोर्टवर ‘टिक फीवर पॉझिटिव्ह’ एवढंच लिहिलेलं असतं आणि घरी डॉक्सीसायक्लिन (डॉक्सी) या अँटिबायोटिकच्या गोळ्या येतात. चार दिवसांत ताप उतरला तर ठीक. नाही उतरला की गोळीची कंपनी बदलते, मग सलाइन, मग लिव्हर टॉनिक. तोवर हिरड्या पांढऱ्या पडत जातात. हा धागा त्या मधल्या दिवसांसाठी आहे.

भारतातल्या कुत्र्यांच्या रक्तात गोचिडीमुळे शिरणारे नेहमीचे जीव पाच. एर्लिकिया कॅनिस पांढऱ्या पेशींपैकी मोनोसाइटमध्ये राहतो. अॅनाप्लाझ्मा प्लॅटिस थेट प्लेटलेटमध्ये. हे दोघे जिवाणू आहेत आणि डॉक्सी यांच्यासाठीच आहे. बबेसिया व्होगेली आणि बबेसिया गिब्सोनी हे लाल पेशी फोडणारे, मलेरियाच्या जातकुळीतले एकपेशीय परजीवी. पाचवा हेपॅटोझून कॅनिस. तो गोचीड चावल्याने होत नाही, कुत्र्याने अंग चाटताना गोचीड गिळली तर होतो. या शेवटच्या तिघांवर एकटी डॉक्सी पुरत नाही, मग ती २८ दिवस द्या नाहीतर ५६ दिवस.

तपकिरी गोचीड (ऱ्हिपिसेफॅलस) एर्लिकिया, व्होगेली आणि हेपॅटोझून तिन्ही वाहते. त्यामुळे एकाच कुत्र्यात दोन-दोन निघणं अजिबात दुर्मीळ नाही. डॉक्सी सुरू केल्यावर एर्लिकियाचा ताप साधारण २४ ते ७२ तासांत उतरतो. चौथ्या दिवशीही १०४ असेल तर डोस वाढवत बसू नका, दुसरा कोण आहे ते शोधा.

लघवी चहा-कॉफीच्या रंगाची, हिरड्या फिकट किंवा पिवळसर असतील तर आधी बबेसिया डोक्यात यावा. नाकातून रक्त, पोटाच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, डोळ्यात लाली किंवा धूसरपणा असेल तर एर्लिकिया. ही खूण आहे, निदान नव्हे.

सूक्ष्मदर्शी
चांगला धागा. प्रयोगशाळेच्या बाजूने थोडं सविस्तर, कारण निम्मी गफलत इथेच होते.

रक्त घ्यायचं ते पहिली गोळी पोटात जाण्याआधी. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) जांभळ्या झाकणाच्या नळीत २ मिली पुरतं. एक-दोन दिवस डॉक्सी गेली की पेशीतले जिवाणू घटतात आणि पीसीआरसुद्धा (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) खोटं निगेटिव्ह येऊ शकतं.

स्लाइड त्याच वेळी काढायची, दुसऱ्या दिवशी फ्रीजमधल्या रक्तावर नाही. बबेसियासाठी कानाच्या कडेला टोचून आलेला पहिला थेंब जास्त उपयोगी, कारण परजीवी असलेल्या पेशी केशवाहिन्यांत अडकतात. गिम्सा (स्लाइड रंगवायची पद्धत) करत असाल तर मिथेनॉलमध्ये ३ ते ५ मिनिटं फिक्स, मग एकास दहा पातळ केलेला स्टेन ३० मिनिटं, बफरचा पीएच ७.२. बफरऐवजी नळाचं पाणी वापरलं की रंग बिघडतो आणि वर स्टेनचा चुरा बसतो. तो चुरा बघून ‘बबेसिया दिसला’ असे रिपोर्ट निघतात. लाल पेशीवर येऊन बसलेली प्लेटलेटही तशीच फसवते. तिच्याभोवती फिकट वलय दिसतं आणि फोकस थोडा हलवला की ती पेशीच्या वरच्या पातळीवर आहे हे कळतं.

व्होगेली मोठा: लाल पेशीत नासपतीच्या आकाराची जोडी. गिब्सोनी लहान: अंगठीसारखा किंवा नुसता ठिपका, १ ते ३ मायक्रॉन. रिपोर्टवर फक्त ‘बबेसिया’ लिहिलं असेल तर फोन करून मोठा की लहान ते विचारा. दोघांची औषधं पूर्ण वेगळी आहेत.

एर्लिकियाचे मोरुला (पेशीतले जिवाणूंचे पुंजके) स्लाइडवर क्वचितच सापडतात, म्हणून ‘स्लाइड निगेटिव्ह’ म्हणजे एर्लिकिया नाही असं होत नाही. बफी कोटची (रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या थराची) स्लाइड केली तर शक्यता थोडी वाढते. हेपॅटोझून मात्र न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीमध्ये लांबट कॅप्सूलसारखा दिसतो, तो सहसा चुकत नाही.

पारवा
@सूक्ष्मदर्शी, क्लिनिकमध्ये जी पट्टी-चाचणी करतात, त्यावर किती विसंबायचं?

सूक्ष्मदर्शी
ती अँटिबॉडी बघते, जंतू नाही. त्यातून दोन गोष्टी निघतात. अँटिबॉडी तयार व्हायला एक ते चार आठवडे लागतात, त्यामुळे नव्या आजारात पट्टी कोरी येऊ शकते. आणि आजार गेल्यावरही रेघ महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं येत राहते. उपचार संपल्यावर ‘गेला का’ हे बघायला पट्टी पुन्हा करू नका, ती पॉझिटिव्ह येणारच. त्यावर दुसरा, तिसरा कोर्स चालू करणारे बरेच दिसतात. कुत्रा खातोय-पितोय, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) नॉर्मल, प्लेटलेट दोन लाखांवर आणि फक्त पट्टीवर रेघ, तर ती जुन्या संसर्गाचीही असू शकते. शंका असेल तर पीसीआर करा.

आणखी एक. नेहमीच्या पट्टीत बबेसियाचा रकानाच नसतो. ‘सगळं निगेटिव्ह’ ऐकून निर्धास्त होण्याआधी पट्टीवर नावं काय आहेत ती वाचा.

परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथली पशुवैद्यकीय महाविद्यालयं जवळ असतील तर रक्त तिकडे दाखवायचा पर्याय आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

घाटमाथा
प्लेटलेटबद्दल एक भर. मशीनने १८,००० सांगितले की घरात रडारड सुरू होते. कुत्र्याच्या रक्तात प्लेटलेटचे गठ्ठे लगेच होतात आणि मशीन गठ्ठा मोजत नाही. स्लाइडच्या पिसासारख्या कडेला गठ्ठे आहेत का ते बघायला सांगा. हाताने मोजायचं तर सूक्ष्मदर्शकाच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली एका फील्डमध्ये (एका वेळी दिसणाऱ्या भागात) एक प्लेटलेट म्हणजे साधारण १५,०००. दहा फील्डची सरासरी काढायची. ग्रेहाउंडमध्ये मुळातच प्लेटलेट कमी आणि पीसीव्ही (रक्तातलं लाल पेशींचं टक्केवारी प्रमाण) जास्त असतो. कारवान, पश्मी ही त्याच बांध्याची कुत्री, त्यामुळे त्यांचा धडधाकट असतानाचा एक सीबीसी जपून ठेवलेला बरा.

खरोखर ५०,०००च्या खाली असतील तर स्नायूत इंजेक्शन टाळायचं, मानेच्या मोठ्या शिरेतून रक्त घ्यायचं नाही, टोचलेली जागा पाच मिनिटं दाबून धरायची. आणि तापासाठी माणसांच्या गोळ्या अजिबात नकोत. आयब्रुफेन, अॅस्पिरिन, डायक्लोफिनॅक पोटात रक्तस्राव करतात. पॅरासिटामॉलचा डोस चुकला की यकृत आणि लाल पेशी दोन्हींवर जातं.

चंद्रभागा
आता डॉक्सी. एर्लिकिया, अॅनाप्लाझ्मासाठी १० मिलिग्रॅम प्रतिकिलो दिवसातून एकदा, किंवा ५ मिलिग्रॅम प्रतिकिलो १२ तासांनी, २८ दिवस. २० किलोचा कुत्रा म्हणजे दिवसाला २०० मिलिग्रॅम, १००च्या ५६ गोळ्या. वजन काट्यावर करा, ‘पंचवीसेक असेल’ असं नको. डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. इथला हिशेब चिठ्ठी नीट वाचता यावी म्हणून.

दहाव्या दिवशी कुत्रा बागडायला लागतो आणि गोळ्या बंद होतात. हा सगळ्यात महागात पडणारा प्रकार. एर्लिकिया तेव्हा प्लीहेत आणि मोनोसाइटमध्ये दबून असतो. लक्षणांविना महिने, वर्षं जातात आणि मग काही कुत्र्यांत जुनाट अवस्था येते, ज्यात अस्थिमज्जाच सुकते: लाल, पांढऱ्या, प्लेटलेट तिन्ही खाली. तिथून परत आणणं फार अवघड. जर्मन शेफर्ड या आजारात जास्त कोसळतात, त्यांच्या बाबतीत एकही दिवस सोडू नये.

सेफ्ट्रायअॅक्सोन, अॅमॉक्सिक्लॅव यांचा एर्लिकियावर उपयोग नाही, ती औषधं पेशीच्या आत पुरेशी शिरतच नाहीत. एन्रोफ्लॉक्सासिनने ताप थोडा खाली येतो, पण जंतू जात नाही.

औषधी_गल्ली
डॉक्सी देण्याची पद्धत, कारण गोळी बरोबर असूनही इथे चुकतं.

रिकाम्या पोटी देऊ नका, उलटी होते. पण सोबत दूध, दही, ताक-भात, पनीर नको. कॅल्शियम डॉक्सीला बांधतं. जुन्या टेट्रासायक्लिनइतकं नाही, तरी शोषण कमी होतं. चिकन-भात, अंडं, दूध न घातलेली पोळी चालते. रोजची दूध-पोळी पूर्ण बंद करायची गरज नाही, गोळीपासून दोन-तीन तास लांब ठेवा.

त्याहून मोठे शत्रू म्हणजे कॅल्शियमचं सिरप, लोहाचं टॉनिक, अॅसिडिटीचं गुलाबी-पांढरं जेल आणि सुक्राल्फेट. चिठ्ठीवर हे सगळं डॉक्सीबरोबर ‘सकाळ-संध्याकाळ’ लिहिलेलं सापडतं आणि घरचे एका वाटीत कालवून देतात. म्हणजे डॉक्सी गेली वाया. डॉक्सी आधी, बाकीचं किमान दोन तासांनी. अॅसिडिटीची पँटोप्राझोल मात्र बांधत नाही.

कोरडी गोळी घशात टाकून सोडू नका. डॉक्सी हायक्लेट अन्ननलिकेत चिकटली तर तिथे भाजल्यासारखी जखम होते आणि नंतर नळी आकसते. मांजरात हे जास्त होतं, कुत्र्यात कमी, पण गोळीनंतर सिरिंजने ५-१० मिली पाणी किंवा दोन घास द्यायला काय जातं?

उलटी थांबत नसेल तर कोर्स तोडण्याआधी डोस दोन वेळांत विभागून बघता येतो. डॉक्टर मॅरोपिटंट (उलटी थांबवणारं औषध) देतात. फिट येणाऱ्या कुत्र्याला फेनोबार्बिटोन चालू असेल तर ते आवर्जून सांगा, त्याने डॉक्सी शरीरातून लवकर संपते. आणि मुदत संपलेल्या गोळ्या वापरू नका. विघटन झालेलं टेट्रासायक्लिन मूत्रपिंडाला इजा करतं.

रानजाई
प्लेटलेटसाठी पपईच्या पानांचा रस आमच्या भागात सर्रास देतात. गुण येतोच.

घाटमाथा
गुण येतो तो डॉक्सीने, @रानजाई. एर्लिकियात प्लेटलेट कमी होतात कारण शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या मारते आणि प्लीहा त्या अडवून ठेवते. जंतू दबला की काही दिवसांत आकडा आपोआप चढायला लागतो, साधारण दोन आठवड्यांत नॉर्मलला येतो. त्याच काळात रस दिला की श्रेय रसाला. अॅनाप्लाझ्मात तर गंमत अशी की औषध न देताही प्लेटलेट एक-दोन आठवड्यांच्या फेऱ्यांत खाली जातात आणि वर येतात. तिथे कशानेही ‘गुण’ येईल.

कडू रस जबरदस्तीने पाजून आधीच न खाणाऱ्या कुत्र्याला उलटी करवणं हा तोटा.

रानजाई
मान्य. पण मग स्टिरॉइड का देतात? तेही प्लेटलेटसाठीच ना?

चंद्रभागा
प्रतिकारयंत्रणाच प्लेटलेट किंवा लाल पेशी मारते आहे असं दिसत असेल तर प्रेडनिसोलोन १ ते २ मिलिग्रॅम प्रतिकिलो, २ ते ७ दिवस, डॉक्सीसोबत. त्याला आधार आहे. पण निदान होण्याआधी ‘ताप आहे, खात नाही’ म्हणून डेक्सा (तेही स्टिरॉइडच) टोचणं वाईट. कुत्रा संध्याकाळी तरतरीत दिसतो, मालक खूश, आणि आत बबेसिया गिब्सोनी असेल तर त्याला मोकळं रान.

पारवा
गिब्सोनीचं कुणी सांगेल का? माहिती सगळ्यात कमी त्याचीच मिळते.

चंद्रभागा
तो मुळात आपल्याकडचाच. १९१० साली पॅटनने मद्रासच्या शिकारी कुत्र्यांत आणि कोल्ह्यांत त्याचं पहिलं वर्णन केलं. गोचिडीखेरीज कुत्र्यांच्या भांडणातल्या चाव्यातून, रक्त देण्यातून आणि आईकडून पिल्लात जातो.

आज मान्य असलेला पहिला पर्याय: अॅटोव्हाक्वोन १३.३ मिलिग्रॅम प्रतिकिलो दर ८ तासांनी, अधिक अॅझिथ्रोमायसिन १० मिलिग्रॅम प्रतिकिलो दिवसातून एकदा, दोन्ही १० दिवस. २० किलोला अॅटोव्हाक्वोन एका वेळी २६६ मिलिग्रॅम. ५ मिलीत ७५० मिलिग्रॅमचं सस्पेंशन मिळालं तर साधारण १.८ मिली, दहा दिवसांना ५३ मिली. अॅझिथ्रो २०० मिलिग्रॅम.

अॅटोव्हाक्वोन तेलकट अन्नाबरोबरच द्यायचं. त्याशिवाय आतड्यातून फारच कमी शोषलं जातं आणि ‘महागडं औषध देऊनही फरक नाही’ अशी तक्रार येते. चमचाभर तूप किंवा चिकनची चरबी पुरे. स्वादुपिंडाचा त्रास झालेला कुत्रा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. मलेरियाची अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल एकत्र गोळी (२५० अधिक १००) वापरतात, पण प्रोग्वानिलने उलट्या होतात. उलटीत गेलेला डोस म्हणजे कमी डोस, आणि कमी डोसवर हा परजीवी सायटोक्रोम बी जनुकात बदल करून अॅटोव्हाक्वोनला दाद देईनासा होतो. मग तीच जोडी पुन्हा देऊन उपयोग नसतो.

जोडी परवडत नाही किंवा चालली नाही तर तीन औषधांची लांब वाट: क्लिंडामायसिन २५ मिलिग्रॅम प्रतिकिलो, मेट्रोनिडाझोल १५ मिलिग्रॅम प्रतिकिलो, डॉक्सी ५ मिलिग्रॅम प्रतिकिलो, तिन्ही १२ तासांनी. हे दहा दिवसांचं काम नाही, काही कुत्र्यांत दोन-तीन महिने चालतं.

पारवा
बबेसिया जिवाणू नाही, मग त्याच्यावर अँटिबायोटिक चालतं तरी कसं?

सूक्ष्मदर्शी
त्याच्या पेशीत अॅपिकोप्लास्ट नावाचा एक भाग असतो. फार पूर्वी गिळलेल्या एका शेवाळाच्या वंशातला, आणि त्याचे रायबोसोम जिवाणूंच्या धर्तीचे. अॅझिथ्रो, क्लिंडा, डॉक्सी तिथे धरतात. पण फटका लगेच दिसत नाही, पुढच्या पिढीत दिसतो. म्हणून ही औषधं हळू चालतात आणि कुत्रा अत्यवस्थ असेल तर एकट्या क्लिंडावर थांबून चालत नाही. अॅटोव्हाक्वोन मायटोकॉन्ड्रियावर घाव घालतं, ते वेगवान.

औषधी_गल्ली
मेट्रोनिडाझोल लांबलं तर मान एका बाजूला झुकणं, बुबुळं थरथरणं, झोकांड्या यांवर नजर ठेवा. दिसलं की त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना फोन. गोळी भयंकर कडू, तोडून देऊ नका, फेस येईपर्यंत लाळ गाळतात.

माणसांचं अॅझिथ्रोचं गोड सिरप घेताना घटकांत झायलिटॉल आहे का ते वाचा. कुत्र्याला ते विष आहे, साखर एकदम कोसळते.

आणि रक्त कमी झालंय म्हणून लोहाचं टॉनिक? बबेसियात पेशी फुटतात, रक्त बाहेर सांडत नाही. लोह शरीरातच राहतं. टॉनिकने मिळवायचं काही नाही, उलट सोबतची डॉक्सी बांधली जाते.

घाटमाथा
व्होगेली आणि हेपॅटोझून राहिले. व्होगेलीला इमिडोकार्ब ५ ते ६.६ मिलिग्रॅम प्रतिकिलो, कातडीखाली किंवा स्नायूत, १४ दिवसांनी दुसरं. १२ टक्क्यांचं असेल तर १ मिलीत १२० मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोला ६.६ने १.१ मिली. शिरेतून कधीच नाही. प्लेटलेट खूप कमी असतील तर कातडीखालीच. इंजेक्शननंतर लाळ, डोळ्यांतून पाणी, उलटी, जुलाब होतात. अर्धा तास आधी अॅट्रोपिन ०.०२ ते ०.०४ मिलिग्रॅम प्रतिकिलो दिलं की हे बरंच टळतं. टोचलेली जागा दुखते, कुत्रा दोन दिवस लंगडला तर घाबरू नका. हेपॅटोझूनला हेच औषध, दर १४ दिवसांनी, स्लाइडवर दिसेनासा होईपर्यंत.

इमिडोकार्ब गिब्सोनी संपवत नाही आणि एर्लिकियावर त्याचा उपयोग नाही. ‘टिक फीवरचं इंजेक्शन’ म्हणून सगळ्यांना सरसकट टोचतात ते थांबायला हवं.

बबेसियावर डायमिनाझीन हे औषध गावाकडे जास्त वापरतात, कारण गुरांसाठी ते घरात असतंच. ३.५ मिलिग्रॅम प्रतिकिलो, स्नायूत, एकदाच. कुत्र्यात सुरक्षित आणि विषारी डोसातलं अंतर फार कमी. गुरांच्या अंदाजाने दिलं किंवा दोन दिवसांनी पुन्हा टोचलं तर मेंदूत रक्तस्राव होऊन कुत्रा आडवा पडतो.

पारवा
रक्त कधी चढवायचं?

घाटमाथा
पीसीव्ही १५च्या आसपास आणि धाप लागलेली, नाडी जलद असेल तर. नुसत्या आकड्यावर नाही, किती वेगाने उतरला तेही बघतात. २ मिली प्रतिकिलो पूर्ण रक्ताने पीसीव्ही सुमारे १ने वाढतो. २० किलोच्या कुत्र्याला १२वरून २२ला न्यायला ४०० मिली. दाता कुत्रा या पाचही जिवांसाठी तपासलेला हवा. गिब्सोनी होऊन बरा झालेला कुत्रा कायमचा दाता-यादीबाहेर, कारण तो बहुधा आयुष्यभर वाहक राहतो.

सूक्ष्मदर्शी
मग पुढची तपासणी. एर्लिकियात सीबीसी सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, नंतर महिन्या-दोन महिन्यांनी. पीसीआर करायचं तर शेवटच्या गोळीनंतर किमान दोन आठवड्यांनी. आधी केलं तर ते औषधाने दबलेलं निगेटिव्ह. लघवीत प्रथिनं जातात का तेही बघून घ्या, हा भाग हमखास राहतो. गिब्सोनीत पीसीआर उपचार संपल्यावर ६० आणि ९० दिवसांनी, दोन्ही निगेटिव्ह हवेत.

कोकणकडा
मुळाशी कुणी जाणार की नाही? गोचीड घरातच असेल तर तीन महिन्यांत पुन्हा इथेच याल. तपकिरी गोचीड रक्त पिऊन कुत्र्यावरून खाली उतरते आणि भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे, खाटेच्या सांध्यात हजारो अंडी घालते. अंगणापेक्षा तिला घर आवडतं, आणि ती वर चढते. त्यामुळे फरशी पुसून काही होत नाही. गुडघ्याच्या उंचीपासून छतापर्यंतच्या भेगा बघा, बुजवा. फवारणी एकदा पुरत नाही. अंडी आणि लपलेली पिल्लं वाचतात म्हणून दोन आठवड्यांच्या अंतराने निदान तीनदा. फवारा वाळेपर्यंत कुत्रा, मांजर, रांगतं बाळ बाहेर.

फ्लुरालॅनर, अॅफोक्सोलॅनर, सॅरोलॅनर या चघळायच्या गोळ्या उत्तम, पण त्यांनी गोचीड मरते ती चावल्यानंतर. एर्लिकिया काही तासांत रक्तात उतरू शकतो. म्हणून जिथे गोचिडीचा भडिमार आहे तिथे गोळीसोबत फ्लुमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन या गोचीडनाशकाचा गळ्यातला पट्टाही. फिट येणाऱ्या कुत्र्याला या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन नको, मांजराला ते जीवघेणं आहे. रॉकेल, तंबाखूचं पाणी चोळणं बंद करा. कुत्रा ते चाटतो.

रानजाई
गोचिडीचं औषध अमिट्राझ आंघोळीला किती घालायचं? बाटलीवरचं अक्षर वाचता येत नाही.

कोकणकडा
१२.५ टक्क्यांचं असेल तर लिटरला २ मिली, म्हणजे २५० पीपीएम. ताजं कालवायचं, उरलेलं ठेवायचं नाही. डोळ्यांना आधी मलम, कुत्र्याला हवेशीर जागी आपोआप वाळू द्यायचं, वाळेपर्यंत चाटू द्यायचं नाही. पिल्लू, गाभण कुत्री आणि मधुमेही कुत्र्याला नाही. कालवणाऱ्या माणसालाही मधुमेह असेल तर त्याने लांब राहावं. अंगावरची मोठी गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, नखाने चिरडू नका. त्या रक्तातून टिक टायफससारखा माणसांचा आजारही होऊ शकतो. सिंधुदुर्ग, सत्तरीकडचा माकडताप वेगळा, तो विषाणू आणि रानातली वेगळी गोचीड. पण रानात फिरून आलेल्या कुत्र्याचं अंग तपासायची सवय तिकडे दुप्पट लावून घ्या.

रानजाई
बाटली बघितली, ५ टक्क्यांची आहे. मग लिटरला ५ मिली?

कोकणकडा
बरोबर. आणि हातमोजे घाला.